कातळधारची परतीची चढण : एका लॅब्रॅडॉरच्या उष्माघाताचे प्रकरण

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील एका रविवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास, कातळधार धबधब्याकडून वर येणाऱ्या पायवाटेवर सहा वर्षांचा एक काळा लॅब्रॅडॉर कोसळला. त्याच्या अंगाचे तापमान १०६.८ अंश फॅरनहाइट होते. वरच्या वाडीपर्यंत अजून दोन तासांची चढण शिल्लक होती, मोबाइलला रेंज नव्हती आणि कुत्र्याचे वजन ३६ किलो होते. पाच जणांच्या त्या गटाचा प्रमुख मी होतो. कुत्रा वाचला, म्हणून हे प्रकरण आज शांतपणे लिहिता येते आहे. मात्र तो कोसळला त्या क्षणापेक्षा त्याआधीचे चार तास मला जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण चूक त्या चार तासांत झाली आणि ती होत असताना आम्हा पाचांपैकी एकालाही ती चूक वाटली नाही.

वाट आणि तिचा स्वभाव

कातळधार हा लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेच्या बाजूला, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोसळणारा धबधबा आहे. त्याची उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास सांगितली जाते आणि धारेमागे कातळात एक मोठी कपार आहे. फणसराईच्या बाजूने दाट झाडीत शिरले की वाट उतरू लागते, आणि पुढे ओढ्यांतील शेवाळलेले धोंडे, मुळांच्या पायऱ्या व ओली घसरडी माती असा मामला थेट धबधब्याच्या डोहापर्यंत चालतो. या वाटेचे वैशिष्ट्य असे, की येथे उतार आधी येतो आणि चढ नंतर. किल्ल्यावर जाताना जो दमतो तो अर्ध्यावरून मागे फिरतो आणि परतीचा उतार त्याला सांभाळून घेतो. कातळधारला मात्र सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी सगळे खाली पोहोचतात आणि डोक्यावर ऊन आल्यावर, भरल्या पोटी, खरी चढण सुरू होते. माणसांच्या बाबतीत मी हा हिशेब नेहमी मांडतो. कुत्र्यासाठी तो मांडला नाही.

हे ठिकाण निवडण्यामागे कुत्राच कारण होता. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्ये असल्याने तेथे पाळीव कुत्रा नेण्याचा प्रश्नच नव्हता. भर पावसात ओढे ओलांडणे धोक्याचे असते आणि डिसेंबरनंतर धबधब्यात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. ऑक्टोबरचा आरंभ म्हणजे पाऊस ओसरलेला, पाणी मात्र टिकलेले, असा सोयीचा काळ आम्हाला वाटला. या महिन्याची उष्णता आपण सगळेच शहरात सोसतो, पण जंगल आणि धबधबा म्हटले की ती तेथे नसेल असे मनाने परस्पर ठरवून टाकलेले असते.

ब्रूनो हा गटातील एका दांपत्याचा कुत्रा. कोथरूडमधल्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ मिळून तीनेक किलोमीटर सपाट रस्त्यावर चालणे एवढाच त्याचा नित्याचा व्यायाम होता. त्याच्या फासळ्या हाताला लागत नव्हत्या. त्याच्या हाडापेराला ३० ते ३१ किलो वजन योग्य ठरले असते, असे पुढे पशुवैद्यांनी सांगितले. निघण्यापूर्वी मी प्रत्येक माणसाला रक्तदाब, दमा, गुडघे, चालू औषधे असे सगळे विचारले होते. ब्रूनोबद्दल मी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे तो चावतो का.

सकाळचे चार तास

पुण्याहून साडेपाचला निघूनही आम्ही चालायला लागलो ते सव्वाआठला, कारण लोणावळ्यात मिसळीसाठी थांबलो होतो. हा पाऊण तास पुढे फार महाग पडला. फणसराईला साडेनऊ वाजले. तेथे एका घराच्या ओसरीवर बसलेल्या आजोबांनी ब्रूनोकडे पाहून विचारले, "दादा, ह्याला खाली नेताय? जाईल तो. पण वर कोण आणील?" आम्ही हसलो आणि पुढे निघालो. गावातील एक तांबूस कुत्रा आमच्यासोबत आला. सह्याद्रीतील वाड्यांमधले कुत्रे असे ट्रेकर मंडळींना पोहोचवायला येतातच. पहिल्या ओढ्याशी तो पोट टेकवून पाण्यात बसला, बराच वेळ तसाच राहिला आणि मग आमच्याकडे न पाहता वाडीच्या दिशेने परतला. ब्रूनो मात्र पट्टा ताणून पुढे धावत होता.

हे पट्टा ताणणे नीट समजून घेतले पाहिजे. परिसरात बिबट्यांचा वावर असल्याने आणि वन्यजीवांना त्रास होऊ नये म्हणून कुत्रा पट्ट्यावरच ठेवायचा, हा निर्णय बरोबर होता. पण पट्टा गळ्यातल्या कॉलरला जोडलेला होता. छातीभोवती बसणारा हार्नेस घरी खुंटीला टांगून राहिला होता. संपूर्ण उतारभर, म्हणजे जवळपास पावणेदोन तास, ब्रूनो गळा आवळून घेत ओढत होता आणि त्याच नळीतून धापत होता. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येणारा घाम शरीर थंड ठेवण्याच्या कामी जवळजवळ येत नाही. जीभ, तोंड आणि श्वासमार्गाच्या ओलाव्याचे बाष्प करून उष्णता बाहेर टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो, आणि हवेत आधीच बाष्प दाटलेले असेल तर तो उपाय लंगडा पडतो. पाऊस नुकताच सरलेल्या, वारा न शिरणाऱ्या त्या झाडीत आमचे सदरे दहा वाजताच अंगाला चिकटले होते. तेवढ्यावरून आम्हाला कळायला हवे होते. आम्ही मात्र त्याच्या धापेला उत्साह समजलो आणि त्याचे फोटो काढले.

पावणेबाराला आम्ही डोहाशी पोहोचलो. ब्रूनोने पाण्यात उडी घेतली आणि पुढची चाळीस मिनिटे आम्ही आळीपाळीने काठी फेकत राहिलो व तो ती आणत राहिला. पाण्याने तो थंड झाला असणार, यात शंका नाही. घात झाला तो तेथेच, कारण पाण्याबाहेर आलेला कुत्रा टवटवीत दिसत होता आणि पोहण्याने थकलेले स्नायू कोणाला दिसत नव्हते. नंतर त्याने आमच्या पराठ्यांतला अर्धा वाटा खाल्ला. एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही चढू लागलो.

कोसळण्यापूर्वीची चिन्हे

सुमारे अर्ध्या तासाने तो पहिल्यांदा आपणहून थांबला आणि सावलीतल्या ओल्या कातळावर आडवा झाला. दोन मिनिटांनी मालकाने पट्टा ओढला, तसा तो उठला. कुत्र्याच्या स्वभावातला हा भाग मालकांच्या लक्षात सहसा येत नाही. माणूस पाय दुखले की कुरकुर करतो, वेळप्रसंगी भांडतो, पण पाळीव कुत्रा, त्यातही लॅब्रॅडॉर, आपले माणूस पुढे जात असेल तर मागे राहण्यापेक्षा चालत राहणे पत्करतो. त्याच्या उठण्याला आम्ही संमती समजलो.

त्यानंतर पुढील वीस-पंचवीस मिनिटांत पुढची चिन्हे एकामागून एक आली. जीभ लांब लोंबू लागली आणि तिचे टोक फावड्यासारखे रुंद झाले. लाळ चिकट, दोरीसारखी येऊ लागली. त्याने बिस्कीट हुंगले आणि तोंड फिरवले. बिस्कीट नाकारणारा लॅब्रॅडॉर ही एवढी एक गोष्टसुद्धा थांबायला पुरेशी होती. मग मागचे पाय वाकडे पडू लागले. दोन वाजून पाच मिनिटांनी त्याला ओकारी झाली आणि त्यानंतर दहा मिनिटांत तो कुशीवर पडला तो उठलाच नाही. डोळे उघडे होते, पण हाकेला कान हलत नव्हता. हिरड्या विटकरी लाल झाल्या होत्या.

प्रथमोपचाराच्या पेटीत माणसांसाठीचा डिजिटल थर्मामीटर होता. तो गुदद्वारातून लावला असता १०६.८ आकडा आला. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि १०६ च्या पुढे ते टिकून राहिले तर मेंदू, आतडी, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांची हानी सुरू होते.

वर की खाली

येथे गटात वाद झाला आणि तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे. मालकाचे म्हणणे होते, की त्याला उचलून ताबडतोब वर न्यावे, गाडी गाठावी आणि डॉक्टर शोधावा. आपल्या कुशीतला जीव जात असताना कोणालाही हेच सुचेल. पण गाडीपर्यंत तीन तास, तेथून पुण्यापर्यंत आणखी दोन, असा तो हिशेब होता. आम्ही ओलांडलेला ओढा मात्र पन्नास-साठ मीटर खाली होता. डॉक्टरांकडे जे पहिले काम होणार ते शरीर थंड करण्याचे, आणि त्याला लागणारे पाणी आमच्या पाठीमागेच होते. आम्ही त्याला खाली नेले. त्या संपूर्ण दिवसातला माझा हा एकच निर्णय मला आज बरोबर वाटतो.

इतर सूचनाही आल्या. एकाने क्रोसिनची गोळी काढली. उष्माघातातील तापमान हा जंतुसंसर्गाचा ताप नसल्याने तापाच्या गोळीचा येथे काही उपयोग होत नाही, आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषारी ठरू शकते. दुसऱ्याने कांदा सुचवला. आपल्याकडे ऊन लागलेल्या माणसाच्या तळपायाला कांद्याचा रस चोळतात, त्यामागची माया मी समजू शकतो, पण कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कुत्रा पंजे चाटतोच. तिसरी सूचना ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवण्याची होती. काही मिनिटांत तो टॉवेल अंगाच्या उष्णतेने कोमट होतो आणि वारा अडवून उलट उष्णता कोंडतो. फार थंड पाणी घातले तर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता अडकते, हा समजही आमच्यातल्या एकाने मांडला. तो अनेक वर्षे पुस्तकांतून फिरत होता, पण तरुण व एरवी निरोगी कुत्र्याला गार पाण्यात बुडवून ठेवणे हाच आता सर्वांत वेगवान उपाय मानला जातो. म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल तर अंगावर पाणी ओतत वारा घालणे अधिक सुरक्षित असते.

अडीच वाजता आम्ही ब्रूनोला ओढ्याच्या वाहत्या पाण्यात मानेपर्यंत उतरवले. एकाने डोके वर धरले, कारण शुद्ध हरपलेला कुत्रा नाकात पाणी गेले तरी मान हलवत नाही. दोघे त्याच्या पोटाखालचे व मांड्यांमधले केस बोटांनी उलगडत पाणी आत पोहोचवत होते. बारा मिनिटांनी तापमान १०४.६ झाले. वीस मिनिटांनी १०३.४ झाल्यावर आम्ही त्याला बाहेर काढले. सामान्य आकडा येईपर्यंत पाण्यात ठेवले असते, तर बाहेर काढल्यावरही तापमान उतरतच राहून तो गारठण्याची भीती होती. बाहेर घेतल्यावर पाचेक मिनिटांनी त्याने शेपटीचे टोक हलवले. त्याच्या मालकीणबाई तोपर्यंत एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्या तेव्हा रडल्या.

डोली

आमच्यातील सर्वांत चपळ मुलाला मी पाण्याकडे वळतानाच वाडीकडे पिटाळले होते. उरलेल्या चौघांनी एका चादरीच्या चार टोकांना गाठी मारून ब्रूनोला उचलून पाहिले आणि पहिल्या शंभर पावलांतच कळून चुकले, की चिंचोळ्या चढणीवर चौघांना चार बाजूंनी चालता येत नाही. वाट एकाच माणसाची असते. अर्ध्या-पाऊण तासाने वाडीतील दोन तरुण एक जाड बांबू आणि घोंगडी घेऊन आले. रस्ता नसलेल्या वाड्यांतून आजारी माणसाला ज्या डोलीतून खाली आणतात, तीच डोली त्यांनी दोन गाठींत बांधली, एक पुढे व एक मागे असे खांदा देऊन उभे राहिले आणि आम्ही अवजड चादरीशी जी झटापट करत होतो, ती संपली. दर दहा मिनिटांनी डोली खाली ठेवून तापमान पाहायचे, हिरड्या पाहायच्या, तो मान उचलून मागेल तरच घोटभर पाणी द्यायचे, असा क्रम आम्ही ठेवला. साडेपाचच्या सुमारास वाडी आली. सकाळचे आजोबा ओसरीवरच होते. त्यांनी काहीही ऐकवले नाही. घरातून पाण्याची कळशी आणून ठेवली. त्यांच्याच ओळखीच्या पिकअपने आम्हाला गाडीपर्यंत सोडले.

रेंज येताच पुण्यातील एका दवाखान्याला फोन करून प्रत्येक तापमान वेळेसह कळवले. रात्री सव्वानऊला आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा ब्रूनो उभा राहू शकत होता, आणि मालक दिलासा मिळून विचारत होते, की आता सलाइन लावून घरी नेता येईल का. पशुवैद्यांनी नकार दिला. उष्माघातातील खरी पडझड अनेकदा एक-दोन दिवसांनी दिसते, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पहिल्या रात्री प्लेटलेट १,९०,००० होत्या; दुसऱ्या दिवशी त्या ७४,००० वर आल्या, पोटावर पिनेच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटले आणि शौच डांबरासारखे काळे झाले. लघवी गडद तपकिरी होती, म्हणजे स्नायूंची मोडतोड झाली होती आणि तो कचरा मूत्रपिंडांना गाळावा लागत होता. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.९ पर्यंत चढून सलाइनवर हळूहळू उतरले. चौथ्या दिवशी प्लेटलेट वर चढू लागल्या आणि पाचव्या दिवशी तो घरी गेला. ओढ्याकडे न वळता तसेच वर नेले असते तर दवाखान्यापर्यंत कुत्रा जिवंत आला नसता, असे डॉक्टरांनी मालकांना स्पष्ट सांगितले.

कारण काय मानावे

दोन पर्यायी निदाने डॉक्टरांनी तपासून पाहिली. डोहात काठी आणताना कुत्रा बरेच पाणी गिळतो आणि त्याने रक्तातील सोडियम घसरूनही पाय लटपटतात व ओकारी होते. पण ब्रूनोचे सोडियम ठीक होते. दुसरे म्हणजे लॅब्रॅडॉरमध्ये आढळणारा, जोरकस व्यायामानंतर मागचे पाय लुळे पडण्याचा आनुवंशिक दोष. त्याच्यामागील जनुकीय बदल २००८ मध्ये उजेडात आला आणि रक्ताच्या नमुन्यावरून तो तपासता येतो. ती चाचणीही निर्दोष आली. मालकांना त्या चाचणीत दोष सापडला असता तर थोडे बरे वाटले असते, असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. मलाही वाटले असते.

उरला तो श्रमातून झालेला साधा उष्माघात. कुत्र्यांचा उष्माघात म्हटला की बंद गाडी डोळ्यांसमोर येते, पण ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींवर आधारित, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणे व्यायामातून आलेली होती आणि गाडीत कोंडल्याची प्रकरणे ५ टक्क्यांच्या आसपास होती. तो देश आपल्यापेक्षा कितीतरी थंड आहे. आमच्या प्रकरणात जास्तीचे वजन, काळा रंग, सपाटीची सवय, गळ्यातली कॉलर, दमट व वारा नसलेली हवा, पोहण्याचे श्रम, भरलेले पोट आणि दुपारची चढण हे सगळे एकावर एक चढले. यांतले कोणतेही एक टाळले असते तर तो कदाचित धापत का होईना वर आला असता.

पण मला विचाराल तर निर्णयाची जागा एकच होती. फणसराईच्या पुढे, जेथे वाट उताराला लागते, तेथे दहा वाजता ब्रूनोला अजून काहीही झालेले नव्हते आणि परत फिरण्यासाठी काहीच किंमत मोजावी लागणार नव्हती. त्यानंतर उतरलेले प्रत्येक पाऊल दुपारी त्यालाच वर चढायचे होते, आणि आमच्याकडे तर त्याला उचलण्याची सोयही नव्हती. गावच्या कुत्र्याने तेथून थोड्याच अंतरावर आपला निर्णय घेतला होता. ओसरीवरच्या आजोबांचा प्रश्नसुद्धा कुत्र्याच्या ताकदीबद्दल नव्हता, आमच्या खांद्यांबद्दल होता.

त्यानंतर माझ्या गटात कुत्रा आणायचा असेल तर मी त्याचे वजन विचारतो आणि तेवढ्या वजनाची पोती दोन माणसांना चढावर नेता येतील का, ते विचारतो. उतारानंतर चढ असलेल्या वाटेवर कुत्रा नेत नाही. अपवाद फक्त डिसेंबर-जानेवारीचा, आणि तोही अकराच्या आत वर परतायचे असेल तरच. हार्नेस नसेल तर गाडीतूनच परत पाठवतो. यामुळे दोन कुटुंबे माझ्यावर रुसली आहेत.

जानेवारीत आम्ही वाडीत घोंगडी परत करायला गेलो, तेव्हा मालकांनी ब्रूनोलाही आणले होते, फणसराईपर्यंतच. त्याचे वजन ३१ किलोवर आले होते. ओढ्याच्या बाजूला न जाता तो ओसरीसमोर तांबूस कुत्र्याशेजारी बसून राहिला. डोली वाहणाऱ्या दोघांपैकी एक तरुण शेतावरून आला, त्याने ब्रूनोला काखेत हात घालून उचलून पाहिले आणि दुसऱ्याला हाक मारून सांगितले, की आता हा एकट्यालाही निघेल.